घरातल्या ऑफिसचं फर्निचर: आधी खुर्ची, मग टेबल, आणि टेबल अडीच फुटांचं नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट. नवराबायको दोघांनाही आठवड्यातले तीन-चार दिवस घरून काम. १० बाय ११ च्या धाकट्या बेडरूममध्ये दोघांचं ऑफिस करायचं, पाहुण्यांसाठीचा दिवाणही तिथेच राहायला हवा. तुमची उंची ५ फूट १ इंच, यजमानांची ५ फूट १०. सध्या जेवणाच्या टेबलावर काम चालतं आणि संध्याकाळपर्यंत तुमची मान आणि उजवा खांदा भरून येतो. बजेट ६० हजार. सुताराने ११ फुटी भिंतीला लागून एकच लांब टेबल सुचवलंय, खाली ड्रॉवर, वर कपाटं. हे करावं का, आणि खुर्च्या कोणत्या घ्याव्यात?

ते लांब टेबल करू नका. त्याच्या लाकडाशी किंवा रंगाशी माझं काही भांडण नाही. तुमच्या दोघांच्या उंचीत ९ इंचांचा फरक आहे, एका सलग फळीवर दोघं नीट बसूच शकत नाहीत. आणि सुताराच्या सवयीप्रमाणे ती फळी ३० इंचांवर गेली, तर ती दोघांपैकी कुणालाच बसणार नाही. घरातल्या ऑफिसची कामं मी बरीच वर्षं करतोय. लोक लॅमिनेटचा रंग ठरवायला महिना घालवतात, पण बसणाऱ्याच्या कोपराचं माप कुणी घेत नाही. तुमचा खांदा का दुखतो याचं उत्तर बहुधा त्या मापातच आहे.

आपल्याकडे सुताराला नुसतं ‘टेबल कर’ म्हटलं की ते अडीच फुटांचं होतं. कारण विचारलं तर तो म्हणतो, ‘साहेब, टेबल अडीच फुटांचंच असतं.’ तयार मिळणारी टेबलंही ७३ ते ७६ सेंटिमीटरची, म्हणजे जवळपास तेवढीच. हाताने लिहायला ही उंची चालते, कारण लिहिताना आपण जरा पुढे झुकतो आणि हात टेबलावर टेकवतो. टाइप करताना गोष्ट वेगळी. खांदे सैल, दंड अंगालगत, कोपर काटकोनात किंवा किंचित जास्त उघडलेलं, असं बसल्यावर बोटं जिथे येतात तिथे कीबोर्ड हवा. टाइपरायटरसाठी बनवलेली टेबलं म्हणूनच लिहिण्याच्या टेबलापेक्षा तीन-चार इंचांनी बुटकी असायची. पुढे कॉम्प्युटर आला तो थेट लिहिण्याच्या टेबलावर जाऊन बसला, आणि ती बुटकी टेबलं भंगारात गेली.

आज रात्रीच दोघांची मापं घ्या. टणक बैठकीच्या खुर्चीवर किंवा स्टुलावर अनवाणी बसा. तळपाय पूर्ण टेकलेले हवेत आणि मांड्या जमिनीला समांतर. पाय लोंबत असतील तर खाली पाट किंवा फळी ठेवा आणि माप त्या फळीपासून धरा. खांदे एकदा कानांपर्यंत उचलून सोडून द्या, म्हणजे ते खरोखर सैल होतात. मग कोपर काटकोनात वाकवा आणि पायाखालच्या पृष्ठभागापासून कोपराच्या खालच्या बाजूपर्यंत दुसऱ्याला टेप लावू द्या. तुमच्या उंचीच्या बाईचं हे माप साधारण ६० सेंटिमीटरच्या आसपास येतं, म्हणजे २३-२४ इंच. यजमानांचं ६७-६८ सेंटिमीटर येईल, सत्तावीसच्या जरा अलीकडे. म्हणजे जेवणाचं अडीच फुटांचं टेबल तुमच्या कोपरापेक्षा ६ इंच उंच आहे. हे अंतर भरून काढायला खांदे वर जातात आणि कोपरं बाहेर फाकतात. माऊस उजव्या हातात असल्यामुळे आधी उजवा खांदा बोलू लागतो. (बोटांना मुंग्या येत असतील, हात बधिर होत असेल किंवा दुखण्याने रात्री जाग येत असेल, तर फर्निचर बाजूला ठेवून आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा.)

इथे आणखी एक गोष्ट. खुर्च्या-टेबलांची परदेशी प्रमाणमापं वापरताना पायात बूट आहेत असं धरलेलं असतं, त्यासाठी अडीचेक सेंटिमीटर वाढवलेले असतात. आपण घरात अनवाणी. शिवाय आपल्या शरीराची मापंही वेगळी. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने भारतीय शरीरमापांचं संकलन १९९७ मध्येच प्रसिद्ध केलंय, पण बाजारातल्या बहुतेक खुर्च्यांना त्याची गंधवार्ता नाही. आधीच खुर्ची परक्या मापाची, त्यात बूट नाहीत, म्हणजे कमी उंचीच्या बाईवर दुहेरी अन्याय.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी खुर्ची घ्यायची. पाय नीट टेकतील अशी ती लावायची. त्या खुर्चीत बसून कोपराचं माप पुन्हा घ्यायचं आणि तेच सुताराला द्यायचं. बहुतेक घरांत याच्या उलट घडतं. टेबल आधी येतं, मग त्याच्या उंचीला पोचण्यासाठी खुर्ची वर चढवली जाते आणि पाय अधांतरी राहतात.

अधांतरी पायांचं काय होतं ते तुमच्याच घरात पाहा. घरून काम करणाऱ्या किती तरी बायका खुर्चीवर एक पाय दुमडून किंवा सरळ मांडी घालून बसतात. विचारलं तर सांगतात, लहानपणापासूनची सवय आहे. सवय असेलही, पण त्याच बाईला कमी उंचीच्या खुर्चीत बसवून पाहिलं की दोन्ही पाय आपोआप खाली येतात. सीटची पुढची कड मांडीखाली दाबते, पाय जड होतात, आणि शरीर आपली सुटका करून घेतं. मांडी घातली की माणूस पाठीपासून सुटून पुढे सरकतो आणि महागडी पाठ मागे नुसती उभी राहते. त्यामुळे खुर्ची पाहताना मी आधी सीट किती खाली येते ते पाहतो, बाकी सगळं नंतर.

माहितीपत्रकात सीटच्या उंचीचे दोन आकडे असतात. दुकानदार मोठा सांगेल, तुम्ही छोटा विचारा. बहुतेक खुर्च्या ४३-४५ सेंटिमीटरच्या खाली उतरत नाहीत. तुम्हाला अनवाणी ३९-४० च्या जवळ लागेल. दोन वाटा आहेत. खुर्चीचं हायड्रॉलिक, म्हणजे सीटखालची गॅस लिफ्ट, वेगवेगळ्या लांबीची मिळते. ऑफिसच्या खुर्च्या दुरुस्त करणारा माणूस त्याच खुर्चीला आखूड हायड्रॉलिक बसवून देतो. खर्च फार नाही, पण वॉरंटीला धक्का लागतो का ते आधी विचारा. दुसरी वाट म्हणजे पायाखाली फूटरेस्ट. सुताराकडून उरलेल्या प्लायचा उतरता पाट करून घ्या, दोन्ही तळपाय मोकळे मावतील एवढा रुंद. फूटरेस्टची उंची टेबलाच्या मापात मिळवायला विसरू नका, नाहीतर सगळं गणित चुकेल.

त्यानंतर सीटची खोली. पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर सीटची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यात दोन-तीन बोटं जायला हवीत. बुटक्या माणसाला ही जागा मिळत नाही. मग तो पुढे सरकतो, पाठ सुटते, आणि कमरेच्या आधाराचे दिलेले पैसे वाया जातात. सीट पुढे-मागे सरकणारी असेल तर उत्तम. तशी नसेल तर मुळातच आखूड सीटचं मॉडेल शोधा. यजमानांना उलट अडचण येईल, त्यांना सीट पुरेशी लांब आणि पाठ उंच हवी. दोघांना एकाच मॉडेलच्या दोन खुर्च्या घेऊ नका. खोलीत जोडी छान दिसते, एवढाच त्याचा उपयोग.

कमरेचा आधार पट्ट्याच्या ओळीला यायला हवा, त्यामुळे तो वर-खाली होणारा घ्या. खुर्चीचे हातही वर-खाली होणारेच घ्या. स्थिर हातांची खुर्ची बुटक्या टेबलाखाली शिरत नाही, मग माणूस टेबलापासून लांब बसतो आणि पुढे वाकून टाइप करतो. पाठ मागे रेलताना सीटपेक्षा जास्त कलायला हवी, याला सिंक्रो टिल्ट म्हणतात. स्वस्त खुर्च्यांत सीट आणि पाठ एकत्र मागे जातात, गुडघे वर उचलले जातात आणि झुल्यात बसल्यासारखं होतं. कामाला दिवसभर ताठ काटकोनात बसायचं नसतं. पाठ जरा मागे, १०० ते ११० अंशांवर, रेललेली बरी. अधूनमधून तीही बदलत राहायची.

जाळी की फोम, हा प्रश्न सगळेच विचारतात. आपल्या हवेत पाठीला जाळी आणि बसायला फोम, हे मला सर्वांत पटतं. मुंबई-कोकणात तर पूर्ण रेक्झिनची खुर्ची मे महिन्यात सोसवत नाही. सीटलाही जाळी असलेल्या खुर्च्या महागड्या वर्गात चांगल्या असतात. स्वस्त वर्गात जाळी वर्षभरात सैल पडते आणि खालची चौकट मांडीला टोचू लागते. फोमची घनता ४० ते ५० किलो प्रति घनमीटर असावी. दुकानात एवढी माहिती मिळत नाही, तेव्हा अंगठ्याने जोरात दाबून पाहा. तळ सहज लागला तर सोडून द्या. पंखांसारख्या कडा असलेली गेमिंगची खुर्ची ऑफिसकामाला मला पसंत नाही. ती खांदे पुढे ढकलते, आणि हा आकार मुळात मोटारीच्या शर्यतीत वळणावर माणूस बाजूला फेकला जाऊ नये म्हणून घडलेला आहे.

चाकं मात्र लोक कधीच पाहत नाहीत. आपल्या घरांत व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. कडक नायलॉनची चाकं त्यांच्यावर घसरतात, खडखडतात आणि खालच्या मजल्यावरच्या मंडळींना ऐकू जातात. पीयूची (पॉलियुरेथेनची) मऊ चाकं मागा. खुर्चीबरोबर नसली तर वेगळी मिळतात आणि हाताने ओढून बदलता येतात.

दुकानात चप्पल काढून बसा, आणि निदान वीस मिनिटं बसा. फोनवर बोला, मेल वाचा. विक्रेता घाई करत असेल तर दुसरं दुकान पाहा. ऑनलाइन घ्यायची झाली तर परत घेण्याची अट नीट वाचा. खोललेली, जोडलेली खुर्ची परत घेतात का, हा खरा प्रश्न असतो. बजेट तंग असेल तर जुनी खुर्चीही चालते. आयटीवाल्या शहरांत ऑफिसं हलली की चांगल्या कंपन्यांच्या खुर्च्या जुन्या ऑफिस फर्निचरच्या व्यापाऱ्यांकडे निम्म्याहून कमी भावात येतात. अशी खुर्ची घेताना ती सर्वांत वर चढवा आणि पंधरा मिनिटं तशीच बसून राहा. हळूहळू खाली आली तर हायड्रॉलिक गेलंय. फोम बसलेला असेल तर तो बदलता येतो. पण टिल्टची यंत्रणा खिळखिळी असेल तर हात लावू नका.

आता टेबल. दोघांची दोन करा. तुमचं २४ इंच उंचीचं, यजमानांचं साडेसव्वीस-सत्तावीस. सुतार तुमचं माप ऐकून म्हणेल, हे लहान मुलांचं टेबल होईल. त्याला म्हणू दे. अर्ध्या इंचाची शंका असेल तर बुटकं करा. टेबल पायांखाली लाकडी ठोकळे घालून चढवता येतं, कमी करायला मात्र कापावं लागतं. फळी एक इंचापेक्षा जाड नको, आणि फळीखाली ड्रॉवर तर अजिबात नको. सुताराच्या रेखाटनातले ते चार इंच उंचीचे ड्रॉवर बुटक्या टेबलात थेट मांड्यांवर येतात. सामानासाठी चाकांवरचा वेगळा कप्पा करा, ऑफिसात ज्याला पेडेस्टल म्हणतात तो. हवा तेव्हा टेबलाखाली, हवा तेव्हा बाजूला.

लांबी प्रत्येकी ४ फूट पुरते, साडेचार मिळाली तर चैन. फळीची खोली, म्हणजे पुढच्या कडेपासून भिंतीपर्यंत, लॅपटॉपपुरती २ फूट. मोठा मॉनिटर लावणार असाल तर फळी २७ इंच खोल घ्या, कारण पडदा डोळ्यांपासून हातभर लांब हवा आणि त्याच्यापुढे कीबोर्ड ठेवून मनगटाला टेकायला जागा उरली पाहिजे. पुढची कड धारदार ठेवू नका. लॅमिनेटच्या काटकोनी कडेवर मनगट टेकवून दिवसभर काम करून पाहा, संध्याकाळी त्वचेवर रेघ उमटलेली दिसते. पुढच्या कडेला सागवानी पट्टी मारून ती रंध्याने गोल करून घ्या. काम तासाभराचं आहे, पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

सांगाडा लोखंडी करा, असं माझं ठाम मत आहे. फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपची फ्रेम, पावडर कोटिंग, पायांना लेव्हलर (उंची किंचित कमीजास्त करणारे स्क्रू), आणि वर प्लायची फळी. दोन्ही बाजूंना प्लायच्या उभ्या फळ्या लावून केलेलं पेटीवजा टेबल आपल्याकडे जास्त चालतं, पण त्याचा शत्रू घरात रोज येतो. रोजची ओली फरशी पुसताना पाणी त्या उभ्या फळ्यांच्या तळाशी शिरतं. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेला) असेल तर दोन पावसाळ्यांत खालचे दोन-तीन इंच पुरीसारखे फुगतात, लॅमिनेट सुटतं, आणि ते दुरुस्त होत नाही. तयार फर्निचर घ्यायचं असेल तर पहिल्यांदा खाली वाकून तळ पाहा. बोर्ड फरशीला टेकला असेल तर नको, लोखंडी पाय किंवा निदान प्लॅस्टिकचे बूट असतील तर विचार करा.

प्लायबद्दल थोडं. शीट ८ बाय ४ फुटांची येते, म्हणजे ३२ चौरस फूट. ४ बाय २ च्या दोन फळ्या काढल्या तरी निम्मी उरते, त्यात दोन पेडेस्टलचं बरंचसं काम होतं. ‘मरीन’ म्हणून विकला जाणारा प्लाय आयएस ७१० या भारतीय मानकाचा असतो, ‘कमर्शियल’ म्हणतात तो आयएस ३०३ चा एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट, म्हणजे दमटपणा सोसणारा) ग्रेड. शीटवर शिक्का असतो, कापण्याआधी पाहून फोटो काढून ठेवा. पुण्यात कोरड्या बेडरूममधल्या टेबलाच्या फळीला एमआर पुरतो. तिथे मरीनला जास्तीचे पैसे घालण्यापेक्षा खुर्चीत घाला. मुंबई, ठाणे, कोकणपट्टी किंवा ओल येणारी भिंत असेल तर मात्र ७१० च घ्या, आणि तळमजला असेल तर वाळवीचं औषधही आधी मारून घ्या. खरेदीला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला एकदा स्वतः जा. सुताराच्या ओळखीच्या दुकानातला भाव आणि बाजारभाव एकच आहे का, ते अर्ध्या दिवसात कळतं.

फळीसाठी १८-१९ मिलिमीटर जाडी घ्या. चार फुटांचं टेबल चौकटीवर असेल तर ती वाकणार नाही. चौकट नसलेली लांब फळी मात्र मध्ये बसते, आणि लांबी वाढेल तसा झोळ फार झपाट्याने वाढतो. त्यामुळे सुताराच्या त्या लांब टेबलाला मध्ये आधार द्यावाच लागला असता आणि तो नेमका कुणाच्या तरी गुडघ्यात आला असता. पुस्तकांच्या फळ्यांनाही हेच लागू: १८ मिलिमीटरच्या फळीला दर अडीच फुटांवर आधार द्या.

लॅमिनेट, म्हणजे आपला सनमाईका, दोन्ही बाजूंनी लावा. वर एक मिलिमीटरचा हवा तो, खाली स्वस्तातला पातळ चालेल. फक्त वरच लावला तर प्लाय एका बाजूने हवेतला दमटपणा शोषतो, दुसऱ्या बाजूने नाही, आणि पावसाळ्यानंतर टेबलाला पोट येतं. पैसे वाचवण्यासाठी खालची बाजू कोरी ठेवणारे सुतार पुष्कळ आहेत, तेवढं लक्ष ठेवा. पृष्ठभाग मॅट निवडा, चकचकीत नको. पांढराशुभ्रही नको, काळाकुळकुळीतही नको. चकाकणाऱ्या फळीत खिडकी आणि ट्यूबलाइट दिवसभर डोळ्यांवर येतात.

खोलीची मांडणी मी अशी करीन. खिडकी १० फुटी भिंतीत आणि दार समोरच्या भिंतीत आहे, असं धरतो. दोन्ही ११ फुटी भिंतींना एकेक टेबल, खिडकीच्या जवळच्या अंगाला. दोघं एकमेकांकडे पाठ करून बसाल. २ फूट टेबल, ३ फूट खुर्चीची जागा, पुन्हा ३ आणि २, मिळून बरोबर १० फूट. दिवाण दाराच्या बाजूला आडवा. दोघांनाही उजेड बाजूने मिळतो, एकाला डावीकडून, एकाला उजवीकडून. उजव्या हाताने वहीत जास्त लिहिणाऱ्याने डावीकडे खिडकी येणारी जागा घ्यावी, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. खिडकी पाठीमागे आली तर पडद्यावर चमक येते आणि व्हिडिओ कॉलवर समोरच्याला नुसती काळी आकृती दिसते. बरोबर समोर आली तर डोळे दिपतात. वास्तूप्रमाणे पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड हवं असेल तर जरूर पाहा, पण खिडकी पाठीशी येणार असेल तर उजेडाला प्राधान्य द्या.

या मांडणीत एक त्रास आहे. कॉलवर एकाच्या मागे दुसऱ्याची पाठ दिसते आणि आवाज आदळतात. टेबलं एकमेकांच्या नेमकी पाठीमागे न ठेवता एक फूट-दीड फूट मागेपुढे सरकवा. जाड पडदे लावा, एका भिंतीवर कापड चढवलेला सॉफ्ट बोर्ड लावा. रिकाम्या टाइल्सच्या खोलीत आवाज घुमतो, कापडाने तो बसतो. तरी एकाच वेळी दोघांच्या लांब मीटिंग असतील तर एकाला हॉलमध्ये जावं लागेल. त्यावर फर्निचरकडे उपाय नाही.

बंद केलेल्या गॅलरीत टेबल टाकायचा विचार मनात असेल, तर आधी फरशीवर गोटी ठेवून पाहा. गॅलरीच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. चाकांची खुर्ची त्या उतारावर सरकत राहते आणि माणूस दिवसभर नकळत पायाने तिला रोखून धरतो. पश्चिमेची गॅलरी असेल तर दुपारी तीननंतर तिथे बसवत नाही.

प्लगचं पाहा. जुन्या फ्लॅटमध्ये बोर्ड चार फुटांवर असतात आणि तिथून वायर लोंबत टेबलावर येते. सुताराचं काम सुरू होण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलवा आणि प्रत्येक टेबलाच्या फळीवर चार-पाच इंचांवर निदान चार प्लग घ्या. फळीला मागच्या कोपऱ्यात वायरचं भोक आणि त्यावर प्लॅस्टिकचं झाकण. राऊटरसाठी छोटा यूपीएस घेतलात तर महावितरणने दगा दिला तरी मीटिंग तुटत नाही.

वरची कपाटं रद्द करा. त्यांची सावली टेबलावर पडते, उठताना डोकं लागतं, आणि तिथे ऑफिसपेक्षा जुन्या चादरीच जास्त साठतात. एक उभी अरुंद शेल्फ दिवाणाच्या बाजूला पुरे.

फर्निचर कितीही मापाचं केलंत तरी नुसत्या लॅपटॉपवर काम करणार असाल तर मान दुखत राहील. त्याचा पडदा आणि कीबोर्ड जोडलेले आहेत. हात नीट ठेवले तर मान वाकते, मान सरळ ठेवली तर हात वर जातात. स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि माऊस ही खरेदी उद्याच करा, खुर्चीचीही वाट पाहू नका. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवा. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असेल तर दोन-तीन इंच खाली, नाहीतर काचेच्या खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी दिवसभर वर राहील.

बटणावर वर-खाली होणारं मोटरचं टेबल तुम्ही विचारलं नव्हतं, पण दुकानदार दाखवेलच. एकच टेबल दोघांनी आलटून पालटून वापरायचं असतं तर मी तेच सुचवलं असतं. मात्र साध्या दोन टप्प्यांच्या, एकात एक सरकणाऱ्या पायांची टेबलं खाली येऊन ७० सेंटिमीटरच्या आसपास थांबतात, म्हणजे तुमच्यासाठी तीही उंचच. तीन टप्प्यांच्या पायांची ६०-६२ पर्यंत येतात. ती महाग असतात आणि दोन घेतलीत तर खुर्च्यांना पैसे उरणार नाहीत. उभं राहून काम करावंसं वाटलं तर फोनवरचे कॉल उभ्याने घ्या. पूर्वी पेढीवर दिवाणजी बसत तसं गादीवर बैठं डेस्क घेऊन तासभर वाचन करणंही चांगलं, शरीराला बदल मिळतो. आठ तास मात्र तसं नको, गुडघे आणि कंबर तक्रार करतात.

पैशांचं वाटप साधारण असं धरा. दोन खुर्च्यांना ३० हजार, गरज पडली तर ३२. दोन टेबलं आणि पेडेस्टल मिळून १६-१७ हजार, मजुरी धरून, साध्या लॅमिनेटमध्ये. दोघांचे स्टँड, कीबोर्ड, माऊस ५-६ हजार. उरलेल्यात इलेक्ट्रिशियन, दोन टेबललॅम्प आणि पडदे. हे पुरत नसेल तर पेडेस्टल पुढच्या वर्षावर ढकला, खुर्चीतून कापू नका.

खुर्च्या आल्या की आठवडाभर त्या जेवणाच्या टेबलाशी, पायाखाली पाट घेऊन वापरा. रोज थोड्या खाली-वर करून कुठे बरं वाटतं ते पाहा, मग मापं घ्या. ती कागदावर लिहून, सहीनिशी सुताराला आणि फॅब्रिकेटरला द्या: तुमचं नाव, यजमानांचं नाव, आणि पुढे फळीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची. ‘वरच्या पृष्ठभागापर्यंत’ हे शब्द लिहाच. फॅब्रिकेटर तेवढीच फ्रेम करतो, सुतार तिच्यावर फळी चढवतो, आणि टेबल पाऊण-एक इंचाने वाढून घरी येतं.